पायऱ्या : लहान लॅपटॉप, लिनक्स आणि मराठी अक्षर

गेल्या मे महिन्यात माझी भाची एक लहानसा लॅपटॉप काखोटीला मारून आमच्याकडे आली. नुकतीच दहावी झालेली, शाळा मराठी माध्यमाची. लॅपटॉप कोणाच्या तरी कचेरीतून मोडीत निघालेला. साडेअकरा इंची पडदा, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि ती वाढवण्याची सोय नाही. त्यातली निम्मी जागा विंडोजने आधीच व्यापली होती. यंत्र सुरू होऊन स्थिरस्थावर होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा.

“मामा, याच्यावर लिनक्स टाकायचंय. मला पायथॉन शिकायचंय. कुठलं टाकू ते सांग.”

‘कुठलं?’ हा प्रश्न पुण्यात मी पंचवीस-सव्वीस वर्षे ऐकतो आहे. लिनक्स हा मुळात प्रणालीचा गाभा. त्याच्याभोवती खिडक्या, संपादक, फॉन्ट आणि इतर साहित्य जोडून कोणी ना कोणी तयार संच बांधते, त्याला डिस्ट्रो म्हणतात. असे संच शेकड्याने आहेत आणि प्रत्येकाचे कैवारी आपापल्या गणपतीच्या मांडवाइतकेच कडवे असतात. मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. छापखान्यांसाठी मराठी मजकूर जुळवण्याच्या कामात उमर गेली आणि अक्षरे बिघडली की का बिघडली, हे शोधताना या विषयात पडलो. त्यामुळे भाचीच्या प्रश्नाकडे मी पाहिले ते तिच्या यंत्राइतकेच तिच्या अक्षरांच्या बाजूने. तसे पाहिले, की या प्रश्नाला एक इतिहास असल्याचे दिसते आणि त्याचा बराच भाग पुण्यात घडलेला आहे.

१९९१ हे साल धरू. त्या वर्षी गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात असलेल्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला. विजय भटकरांचे नाव घरोघरी गेले ते तेव्हापासून. त्याच वर्षी २५ ऑगस्टला हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे इतरांना कळवले. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे संकेतमान भारतीय मानक म्हणून जाहीर झाले आणि ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली होती. त्या वर्षीच्या पुणेकराला यातले एकच माहीत होते, ते म्हणजे परम. वर्तमानपत्रांचा मथळा तोच होता. माझ्या भाचीच्या टेबलावर मात्र आज उरलेल्या तीन गोष्टी आहेत.

लिनक्स आमच्यापर्यंत आले ते सीडीवरून. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ या इंग्रजी मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळे. तेव्हा ‘कुठलं?’ याचे उत्तर सोपे होते : जे हाती लागले ते. टेलिफोनच्या तारेवरून २८.८ च्या मोडेमने एक सीडीभर माहिती उतरवायची, तर सलग दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या असत्या. फोनचे बिल वेगळे, आणि मध्येच कोणी रिसीव्हर उचलला की संपले. म्हणून एकाच सीडीच्या प्रती सदाशिव पेठेतून कोथरूडपर्यंत फिरत. ती घालून यंत्र सुरू झाले, पडदा दिसला, आवाज आला, तर नशीब. छपाईयंत्र चालले, तर पेढे.

मराठी तर नव्हतेच. तेव्हाच्या लिनक्सवर देवनागरी फॉन्ट बसवला तरी अक्षरे जुळत नसत. देवनागरीत संगणक साठवतो एक आणि दाखवायचे असते दुसरेच. ‘कि’ साठवताना आधी क, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी आधी. ‘ल्ल’ साठवताना ल, हलन्त, ल अशी तीन चिन्हे, दाखवताना एक जोडाक्षर. हे जुळवणारे यंत्र मध्ये नसेल, तर ‘किल्ला’ हा शब्द पडद्यावर दारूगोळ्याने उडवल्यासारखा विखुरलेला दिसतो. विंडोजवर आम्ही यातून पळवाट काढली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले फॉन्ट वापरायचे आणि तुकडे हाताने जोडायचे. पाने सुंदर निघत. फॉन्ट काढून घेतला की खाली उरत असे ती इंग्रजी चिन्हांची खिचडी. माझी त्या काळातली कितीतरी पुस्तके आज अशाच खिचडीत अडकून पडली आहेत.

लिनक्सवर ती पळवाट पत्करली गेली नाही, याचे श्रेय काही माणसांना द्यावे लागते. मुंबईत इंडलिनक्स या गटाने २००० च्या सुमारास भारतीय भाषांतील पडद्याचे काम सुरू केले. अक्षररचनाकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी मंगल हा फॉन्ट घडवला होता. त्यांचाच रघु हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. (‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन वेगळे शब्द मराठीत आहेत, हे आपले भाग्य. इंग्रजीत एकाच शब्दावरून चाळीस वर्षे भांडण चालू आहे.) २००२ साली पडद्यावरच्या खिडक्या काढणाऱ्या जीटीके या संचाची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत अक्षरे जुळवणारे पँगो हे यंत्र आले. त्याच्या पोटात आज हार्फबझ नावाचा भाग असतो. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. जुन्या मराठीतला ‘हरफ’ तो हाच.

पुण्यात २००३ पासून मॉडेल कॉलनीतील सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा वार्षिक मेळावा भरू लागला. पुण्याच्या लिनक्स वापरकर्त्यांचा गट त्याचा आधार होता. तिथे ‘कुठलं?’ या प्रश्नाचे उत्तर बदललेले मी पाहिले. कोणी तरी आपला संगणक उचलून आणी, आणि शेजारी बसलेला जे वापरत असेल ते त्याच्यावर चढे. अडले तर विचारायला माणूस कोण, यावर निवड ठरत असे. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर कच्चे होते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून पक्के उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मग २००४. रेड हॅटने भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले आणि त्यांना ‘लोहित’ नाव ठेवले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या लाल टोपीचा. कंपनीच्या पुण्यातील कचेरीतल्या मंडळींनी पुढची कित्येक वर्षे हे फॉन्ट सांभाळले, दुरुस्त केले. लिनक्सच्या मराठी भाषांतराचेही पुष्कळ काम पुण्यात झाले. पुढे लोहितचे हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी असे वेगळे फॉन्ट एकत्र करून एकच लोहित देवनागरी करण्यात आला. मराठी वळणाचा ल आणि श त्याच्या पोटात आहेत. मजकूर मराठी आहे असे सॉफ्टवेअरने सांगितले, तरच ते बाहेर येतात, नाही तर हिंदी वळणाचे दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी ल आणि श यांचे वळण ठरवून दिले, त्याची अंमलबजावणी शेवटी अशा आतल्या खुणेवर येऊन ठेपते.

या कामाची नोंद कुठल्या इतिहासग्रंथात नाही. ती फायलींत आहे. भाषांतराच्या प्रत्येक फायलीच्या माथ्यावर शेवटचा भाषांतरकार कोण, गट कुठला, दुरुस्ती कधी झाली हे लिहिलेले असते. तारखेपुढे भारतीय वेळेची +०५३० ही खूणही असते. भांडारकर संस्थेत किंवा इतिहास संशोधक मंडळात पोथीची पुष्पिका वाचतात, तशी मी ही शीर्षे वाचतो. पोथीचा लेखक ‘भग्नपृष्ठिकटिग्रीवा’ म्हणून हात जोडतो, इथला लेखक तेवढेही करत नाही.

आता लहान लॅपटॉपकडे. ही जात जन्मली तीच लिनक्स घेऊन, हे आज कोणाला आठवत नाही. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या अमेरिकी योजनेचा हिरवा-पांढरा एक्सओ २००७ साली तयार झाला. साडेसात इंची पडदा, २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण आणि फेडोरा या डिस्ट्रोवर बांधलेले ‘शुगर’ नावाचे मुलांचे दालन. किंमत शंभर डॉलर ठेवायची होती, ती जवळजवळ दुप्पट झाली. केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्या वर्षीच योजनेला नकार दिला होता. तरीही त्याचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्येच आपल्याकडे झाला, रायगड जिल्ह्यातील एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत. त्या यंत्रावर ‘टर्टल आर्ट’ होते. आज्ञा दिली की पडद्यावरचे कासव चालते आणि मागे रेघ उमटते. ही कल्पना १९६७ च्या लोगो या भाषेच्या कुळातली, आणि लोगोच्या जनकांपैकी सीमोर पॅपर्ट या योजनेच्या मागे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस असुसचा सात इंची ईपीसी बाजारात आला, तोही लिनक्सवरच. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये अशा स्वस्त यंत्रांपुरते जुन्या एक्सपीचे आयुष्य वाढवले, आणि पाहता पाहता लहान लॅपटॉपवरून लिनक्स उतरले.

त्यात लोकांच्या सवयीचाही वाटा होता. २००१ साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी वर्गांनी गावोगावच्या लाखो लोकांना संगणकाला हात लावायला शिकवले. ते मोठे काम आहे, त्याला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण तिथे संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हे समीकरण पक्के झाले. नावातले ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. ते मायक्रोसॉफ्टचे असावे असे समजणारे कितीतरी लोक मला भेटले, आणि त्यांना हसण्यासारखे काही नव्हते. केरळने शाळांमध्ये मुक्त प्रणाली वापरली. तिथल्या मुलांना लिनक्स ‘निवडावे’ लागले नाही, समोर होते ते त्यांनी वापरले. आपल्याकडे ते निवडावे लागते, एकट्याने, काकणभर धाडस करून.

तर भाचीला मी काय सांगितले? पहिल्यांदा पेनड्राइव्हवरून, काहीही पुसून न टाकता, नुसते चालवून पाहा. वायफाय लागतो का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का. लहान लॅपटॉप इथेच दगा देतात. डिस्ट्रोच्या नावापेक्षा दालन बघ. ४ जीबी मेमरीत एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही हलकी दालने नांदतात. उरलेली मेमरी ब्राउझर खातो, त्याला इलाज नाही. तिने लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली. लुबुंटू घेतले असते किंवा डेबियन, तरी गाभा तोच आणि मराठी भाषांतर करणारी माणसेही तीच. मिंट घेण्याचे खरे कारण, मी तेच वापरतो. मॉडेल कॉलनीतला नियम.

पडद्याची भाषा मी मोठ्या हौसेने मराठी करून दिली. आठवड्याने पाहतो तर तिने ती इंग्रजी केलेली.

“चिडू नकोस मामा. काही अडलं की उत्तर इंग्रजीत सापडतं. त्यात जे बटण सांगतात, ते माझ्या पडद्यावर वेगळ्याच नावाने असतं. मग मी ते शोधत बसते.”

मी चिडलो नाही, पण लागले. निम्मे शब्द मराठी आणि नवीन आलेले निम्मे इंग्रजी, अशी त्या पडद्याची अवस्था मलाही दिसत होती. भाषांतर एकदा करून संपत नाही. दर सहा महिन्यांनी नवे शब्द येतात आणि ते करणारी माणसे नोकऱ्या बदलतात, संसारात पडतात. मराठी टंकनाची सोय मात्र तिने ठेवली होती. इनस्क्रिप्टचा कळफलक शिकायला तिला पंधरा दिवस लागले.

पायथॉन शिकणाऱ्या नवख्याला सगळे जण थॉनी हा संपादक सुचवतात. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तो तयार झाला, आणि आहेही गुणी. कार्यक्रम एकेक पाऊल चालवून दाखवतो, चूक कुठे झाली ते सांगतो. मीही तोच बसवून दिला. दिवाळीत अंगणात जसा मातीचा किल्ला करतात, तसा तिला कासवाकडून पडद्यावर किल्ला काढून घ्यायचा होता. तिने पहिल्या ओळीत ‘किल्ला’ लिहिले आणि मला हाक मारली.

वेलांटी क च्या मागे गेलेली. दोन ल मध्ये हलन्ताचा पाय मोडका. मी वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या पडद्यासमोर उभा होतो. थॉनी ज्या टीके या जुन्या संचावर बांधला आहे, तो लिनक्सवर देवनागरी अक्षरे जुळवतच नाही. पँगो, हार्फबझ, लोहित हे सगळे त्याच यंत्रात हजर असतात, पण ही एक खिडकी त्यांना विचारत नाही. फाइल बिघडलेली नव्हती. तीच फाइल जीनी या साध्या, हलक्या संपादकात उघडली, तर ‘किल्ला’ अभंग. जीनी जीटीकेवर उभा आहे. नवख्यांसाठी लिहिलेल्या शिफारशींत हा फरक मला कुठेच आढळला नाही, कारण ज्यांची अक्षरे एकामागे एक उभी राहतात, त्यांना तो दिसण्याचे कारण नाही. टर्मिनलची अडचण त्याहून जुनी. टेलिप्रिंटरच्या वारशाने तिथे एका चिन्हाला एक घर असते, आणि आपली जोडाक्षरे घरांत मावत नाहीत. म्हणून मराठी उत्तर फायलीत लिहून ती संपादकात उघडायची असे आम्ही ठरवले.

मग आल्या पायऱ्या. पायथॉनमध्ये २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलाचे नाव देवनागरीत ठेवता येते. तिने किल्ल्याच्या पायऱ्या मोजायला ‘पायऱ्या’ हेच नाव ठेवले. एका ठिकाणी ते चालले, दहा ओळी खाली तोच शब्द, तीच अक्षरे, आणि पायथॉनने नकार दिला. न दिसणारे चिन्ह आहे, चालणार नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ. ती तासभर दोन्ही शब्द एकाखाली एक धरून बघत होती.

या अर्ध्या र ची कथा मला ठाऊक होती. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा भेद मराठीला जपावा लागतो. इस्कीने त्यासाठी ऱ हे अक्षर आणि हलन्त अशी जोडी नेमली. युनिकोडच्या यादीत हा ऱ द्राविडी भाषांतील एका ध्वनीसाठी म्हणून नोंदलेला आहे, पण खरा राबतो मराठीत. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र दुसरी वाट होती : साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पुढे इस्कीची जोडी मान्य झाली आणि जुनी वाटही सुसंगतीसाठी राहिली. कागदावर दोन्ही सारखी. पायथॉनला नावात ते अदृश्य चिन्ह चालत नाही. एक ‘पायऱ्या’ तिने इनस्क्रिप्टने टंकला होता. दुसरा तिने कुठून आणला?

“तुझ्याच लेखातून कॉपी केला.”

माझा एक जुना लेख, उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्या कुठल्या तरी साधनाने लिहिलेला. त्यात शेकडो अर्धे र असे पोटात जोडचिन्ह घेऊन बसले आहेत. त्या लेखात कोणी ‘दुसऱ्या’ शोधला तर तो कधी सापडेल, कधी नाही. त्या रात्री मी माझ्या सगळ्या फायली उघडून बसलो. एका प्रकारचे सर्व र दुसऱ्या प्रकारात बदलणारा सात ओळींचा कार्यक्रम तिनेच लिहून दिला. मजकूर जुळवण्यात एवढी वर्षे घालवूनही मला असा कार्यक्रम स्वतः लिहिता आला नव्हता.

आकड्यांचेही असेच काही निघाले. कार्यक्रमाच्या ओळीत १० देवनागरीत लिहिले की पायथॉन अडतो, पण कार्यक्रमाने विचारल्यावर उत्तर म्हणून १० देवनागरीत दिले आणि त्याचा पूर्णांक करायला सांगितले, तर तो बिनतक्रार दहा समजतो. तिला याची मोठी गंमत वाटली. मला वाटले, दारात अडवून खिडकीतून आत घेण्यातला हा प्रकार.

लॅपटॉप आता तिच्याकडे आहे. मिंट, जीनी, इनस्क्रिप्ट आणि लोहित. थॉनीही ठेवला आहे, चूक शोधायला. गेल्या महिन्यात तिने किल्ल्यांची यादी केली आणि ती अकारविल्हे लावायला सांगितली. यंत्राने पालघरचा काळदुर्ग आधी ठेवला आणि वरंधा घाटातला कावळ्या नंतर.

“मामा, ळ तर ह च्या नंतर येतो ना? मग हा व च्या आधी कसा?”

मी सांगितले, की यंत्र वर्णमाला पाहत नाही, संकेतांचे क्रमांक पाहते. सर्व भारतीय लिप्यांना एकच साचा बसावा म्हणून १९८० च्या दशकात तो क्रम ठरला, त्यात ळ ची जागा ल च्या शेजारी आली. आणखी काही सांगणार होतो, इस्कीबद्दल, युनिकोडबद्दल. तिने तोवर नवी फाइल उघडून पहिल्या ओळीत अ पासून ज्ञ पर्यंत वर्णमाला टंकायला घेतली होती, ह च्या नंतर ळ.

“ऱ कुठे ठेवू?” तिने विचारले.

मी कोश काढायला उठलो.